दोन कर्जतांमधला डोंगर

आपल्या गावाचे नाव परक्या माणसाला सांगितले की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "कर्जत म्हणजे लोकल जाते ते का?" मग आपण जरा नाखुशीनेच सांगतो, "ते रायगडातले. आमचे नगर जिल्ह्यातले." नामसाम्याची ही गंमत भूगोलाच्या दृष्टीने मात्र मोठी बोधप्रद आहे. या दोन कर्जतांच्या मध्ये सह्याद्री उभा आहे. घाटाखालच्या कर्जत तालुक्यातील खांडस गावातून पायवाट धरली तर माणूस भीमाशंकरला पोहोचतो. आणि भीमाशंकरी उगम पावलेली भीमा आपल्या तालुक्यात सिद्धटेकच्या गणपतीला वळसा घालून पुढे उजनीच्या जलाशयात शिरते. डोंगर एकच. पण त्याच्या पश्चिमेच्या कर्जतात वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि पूर्वेच्या कर्जतात ५००-६०० मिलिमीटर पडला तरी साल बरे गेले असे आपण म्हणतो.

असे का होते, हे शाळेत आपण सर्वांनीच शिकलेले आहे. समुद्रावरून आलेला ओलसर वारा डोंगर चढताना थंड होतो व आपले ओझे तेथेच टाकतो. माथा ओलांडून आपल्याकडे येतो तो रिकाम्या हाताने. म्हणून आपण पर्जन्यछायेतले लोक. परंतु 'छाया' या शब्दाने एक गैरसमज होतो. डोंगराने आपला पाऊस अडविला एवढेच आपल्याला आठवते. त्या पावसाचा बराच भाग नद्यांच्या वाटेने पुन्हा आपल्याकडेच येतो, हे आपण विसरतो.

हा परतीचा प्रवास जरा नीट पाहण्यासारखा आहे. नाणेघाटाजवळ कुकडी उगम पावते. भीमाशंकरच्या उत्तरेच्या डोंगरातून घोड येते, आणि त्यांच्या जोडीला मीना व पुष्पावती. या नद्यांवर येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे अशी पाच धरणे बांधली गेली. त्या सर्वांना मिळून आपण 'कुकडी प्रकल्प' म्हणतो. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, पारनेर, श्रीगोंदे, कर्जत आणि करमाळा असे तीन जिल्ह्यांतील सात तालुके या पाण्यावर अवलंबून आहेत. येडगावाहून निघणारा डावा कालवा सुमारे २५० किलोमीटर वाहतो, आणि आपण त्याच्या जवळजवळ शेवटाला बसलेलो आहोत. डिंभ्याचे पाणीही कालव्याने येडगावात आणून याच कालव्यात सोडले जाते. शेवटाला बसणे म्हणजे काय, हे कर्जतच्या शेतकऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही. आवर्तन सुटल्याची बातमी वर्तमानपत्रात आधी येते, पाणी चारीत नंतर येते, आणि कधी कधी नुसती बातमीच येते.

आजवर या भांडणाचे स्वरूप वाटणीचे होते. पाणी अमुक इतके आहे, त्यात वरच्याने किती घ्यावे व खालच्याला किती द्यावे, एवढाच प्रश्न. आता त्या 'अमुक इतके' यालाच धक्का बसू लागला आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या टापूवर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. वर्षाची बेरीज फारशी न बदलताही पाऊस थोड्या दिवसांत कोसळू लागला, तर धरण सांभाळणाऱ्याची मोठी पंचाईत होते. धरण लवकर भरून ठेवावे, तर पुढच्या लोंढ्याला जागा उरत नाही. जागा रिकामी ठेवावी आणि पाऊस पाठ फिरवून गेला, तर उन्हाळ्यात आवर्तन कोठून द्यायचे? दरवाजे उघडून सोडलेले पाणी नदीने निघून जाते. त्यामुळे एकाच वर्षी सिद्धटेकला भीमेचा पूर पाहावा आणि मिरजगावकडे टँकरची वाट पाहावी, असा योग आपल्या नशिबी येऊ शकतो.

हे झाले आपले दुखणे. डोंगरातल्या माणसाचे दुखणे याहून दारुण आहे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि १५१ माणसे त्याखाली गेली. हे गाव डिंभे धरणाच्या पाणलोटातले. ती बातमी बाहेर नेली एस.टी.च्या एका चालकाने. नेहमीच्या फेरीला गेला तर त्याला गावच दिसेना. ज्या खोऱ्यातील पाण्याचा हिशेब आपण थेंबाथेंबाने मागतो, त्या खोऱ्यातील एक गाव नाहीसे झाल्याची खबर देण्यास त्या दिवशी दुसरी कोणतीही व्यवस्था नव्हती, ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते.

याउलट एक उदाहरण हिमालयातले आहे. २००० साली ऑगस्टच्या आरंभी सतलज नदीला अचानक लोंढा येऊन हिमाचल प्रदेशात शंभरावर माणसे दगावली. वरच्या अंगाला काय घडले, हे खालच्यांना आधी कळले नव्हते. पुढे २००४ मध्ये तिबेटात दरड कोसळून परीछू नदी तुंबली व तेथे तलाव साचला. या वेळी चीनने भारताला तशी सूचना दिली. काठावरची माणसे हलविण्यात आली. २६ जून २००५ रोजी तो तलाव फुटला. पूल गेले, रस्ते गेले, पण माणसे वाचली. हे दोन शेजारी एकमेकांचे किती सख्खे आहेत, ते सर्वश्रुत आहे. तरीही नदीच्या पातळीचा आकडा एकाने दुसऱ्याला द्यावा एवढ्यापुरते त्यांचे जमले.

मग जुन्नर-आंबेगाव आणि कर्जत-श्रीगोंदे यांचे का जमू नये? डिंभे आणि माणिकडोह यांना जोडणाऱ्या बोगद्याचा वाद आपण वर्षानुवर्षे ऐकत आहोत. खालचे म्हणतात, बोगदा झाल्याशिवाय आमचे हक्काचे पाणी पोहोचत नाही. वरचे म्हणतात, बोगदा झाला की आमचे धरण तळापर्यंत रिते होईल. दोघांचीही भीती खरी आहे. आपण आपली बाजू मांडावीच, पण मांडताना एक आठवण ठेवावी. गोदावरीच्या खोऱ्यात हाच आपला जिल्हा 'वरचा' आहे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने २०१४ मध्ये जायकवाडीसाठी वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचे सूत्र ठरविले, तेव्हा मुळा-प्रवरेच्या काठी जी भाषणे झाली, ती नावे बदलून घोडेगावच्या सभेत जशीच्या तशी चालली असती. त्या सूत्राबद्दल कोणाचे काही मत असो. तुटीच्या वर्षी कोणी किती सोसायचे, हे १५ ऑक्टोबरचा साठा पाहून ठरवायचे, एवढी तरी शिस्त त्याने लावली. कुकडीलाही तसे आधी ठरलेले कोष्टक हवे. ऐन उन्हाळ्यात पोलीस बंदोबस्तात आवर्तन काढण्यापेक्षा ते खचित स्वस्त पडेल.

आणखी एक देणे राहते, ते डोंगराकडे परत जाणारे. डोंगरातील महादेव कोळी बांधव उतारावर दगडी बांध घालून भातखाचरे काढतात आणि हे कष्टाचे काम एकमेकांच्या शेतावर जाऊन सर्वजण मिळून करतात. त्याला 'पडकई' म्हणतात. असा बांध नीट घातला असेल तर माती जागच्या जागी राहते. जी राहत नाही ती अखेर धरणाच्या तळाशी जाऊन बसते आणि तेवढी आपल्या पाण्याची जागा व्यापते. म्हणजे पडकईचा दगड आंबेगावच्या उतारावर बसतो, आणि त्याचा लाभ राशीनच्या शिवारापर्यंत येतो. पण यंत्राने डोंगर भराभर कोरून केलेली सपाटी म्हणजे पडकई नव्हे. माळीणनंतर या सपाटीकरणावर बरीच चर्चा झाली, आणि कोठे खोदावे व कोठे खोदू नये, हे भूशास्त्रज्ञाला विचारूनच ठरले पाहिजे.

या कामासाठी पाणीपट्टीतील काही वाटा वर पाठवावा, असे मी सुचवितो तेव्हा काही मित्र हसतात. "आधी पाणी तरी येऊ द्या," असे त्यांचे म्हणणे. त्यात तथ्य नाही असे नाही. तोवर निदान इतके व्हावे : पावसाळ्यापूर्वी सातही तालुक्यांची माणसे एकदा घोडेगावी आणि एकदा कर्जतला एकत्र बसावीत, आणि डिंभे, माणिकडोहच्या पाणलोटातील रोजच्या पावसाचा आकडा आपल्या ग्रामपंचायतींच्या फळ्यावर लिहिला जावा. ज्या दिवशी तो आकडा फार मोठा असेल, त्या दिवशी किती पाणी मिळणार याच्या आधी वरच्या वाड्यांतील माणसे हलविली का, हे कर्जतहून कोणीतरी फोन करून विचारावे.