इरईचे सात दरवाजे

ताडोबाच्या जंगलाला लागून, भद्रावती तालुक्याच्या अंगाने इरई धरणाचा जलाशय पसरला आहे. धरण मातीचे, दरवाजे सात आणि मालकी महानिर्मितीची. चंद्रपूरच्या 2920 मेगावॅटच्या वीजकेंद्राला पाणी इथूनच जाते. चंद्रपूर शहरही हेच पाणी पिते.

ओढाताण इथेच आहे. वीजकेंद्राला पावसाळा संपताना तलाव काठोकाठ हवा. 2010च्या उन्हाळ्यात पाण्याअभावी काही संच बंद ठेवावे लागले होते, त्यामुळे ही धास्ती उगाचची नाही. खालच्या वस्त्यांना मात्र भर पावसात तलावात थोडी जागा रिकामी हवी, म्हणजे रात्रीत आलेला लोंढा आत मावेल. जुलैत किती पाणी अडवायचे हा हिशेब म्हणजेच जोखमीचे मूल्यमापन. त्यात चूक झाली, तर एक तर वीज जाते, नाहीतर घरे बुडतात.

दरवाजे पाव मीटरने उचलायचे म्हटले तरी आधी निरोप निघावा लागतो: जिल्हा नियंत्रण कक्ष, महापालिका, तहसील, पोलीस ठाणे आणि शेवटी गावातला पोलीस पाटील, कोतवाल. हा शेवटचा माणूस जागा नसेल तर वरची सगळी धावपळ वाया जाते.

तरीही नुसते इरईकडे पाहून भागत नाही. इरई नदी वर्धा नदीला मिळते. वर्धा दुथडी भरली की इरईचे पाणी पुढे सरकत नाही. फुगवटा मागे येतो आणि चंद्रपुरात रहमतनगर, सिस्टर कॉलनीत पाणी शिरते. वर्धेत विसर्ग सोडणारी धरणे तर परजिल्ह्यांत: ऊर्ध्व वर्धा अमरावतीत, निम्न वर्धा वर्ध्यात, बेंबळा यवतमाळात. तीही जलसंपदा खात्याची. जुलै 2022मध्ये वर्धेच्या पुराने भद्रावती आणि वरोरा तालुक्यांना वेढले, पाटाळ्याचा पूल पाण्याखाली गेला, वणीचा रस्ता तुटला.

2005च्या कायद्याने जिल्हाधिकारी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष झाले. 2021च्या धरण सुरक्षा कायद्याने धरणमालकावर आपत्कालीन कृती योजनेची जबाबदारी टाकली. कायदे पुरेसे आहेत. हवी आहे ती चारही जिल्ह्यांची विसर्गाची आकडेवारी दर तासाला एकाच तक्त्यावर, आणि मे महिन्यात नदीकाठच्या प्रत्येक गावात एक खरीखुरी रंगीत तालीम. गावकऱ्यांनी ती ग्रामसभेत मागावी, आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 हा क्रमांक घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये आजच साठवून ठेवावा.