दूरच्या समुद्राचा पाऊस आणि आपली पेरणी



आपल्या शिवारावर किती पाऊस पडणार, हे बरेचसे दूरच्या पॅसिफिक महासागरात ठरते. पेरू देशाच्या कोळ्यांना काही वर्षी नाताळच्या सुमारास समुद्र कोमट लागे. म्हणून त्यांनी त्याला बाळ येशूचे नाव दिले, एल निनो. अशा वर्षी इंडोनेशियाकडचा पाऊस कोमट पाण्यामागे पूर्वेला सरकतो आणि आपला मान्सून पुष्कळदा दुबळा होतो.

‘पुष्कळदा’ हा शब्द आम्ही मुद्दाम घातला आहे. 1997 साली एल निनो फार जबर होता, तरी देशात पाऊस सरासरीइतका झाला. त्या वर्षी हिंदी महासागराचा पश्चिम भाग तापला होता, त्याचा आधार मिळाला. 2009 चा एल निनो त्याहून सौम्य, पण पाऊस सरासरीच्या 78 टक्केच! म्हणून नुसते नाव ऐकून हातपाय गाळू नयेत.

खरी काळजी पुढे आहे. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे 7 टक्के जास्त वाफ मावते. त्यामुळे समुद्राचे तापमान पूर्वीइतकेच वरखाली झाले, तरी त्यावरच्या पावसातला चढउतार मोठा होतो. शास्त्रज्ञांच्या अंदाजाप्रमाणे पॅसिफिकच्या मध्य व पूर्व भागात हा फरक वाढत जाईल. सरासरी तीच राहिली तरी एक वर्ष कोरडे, एक वर्ष बुडवणारे, असे होऊ शकते. एकाच हंगामातही दोन्ही टोके दिसतात. 2023 चा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ठरला आणि सप्टेंबरच्या मध्यास माळव्यात धो धो पाऊस कोसळला.

सरासरीवर पीक येत नाही. 1990 साली देवास शहराला रेल्वेने पाणी आणावे लागले, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल. आपल्या शेजारच्या टोंक खुर्द भागात 2006 पासून शेतकऱ्यांनी शेतातच तळी खोदली. त्यांना ‘रेवासागर’ म्हणतात. बुडवणाऱ्या वर्षाचे पाणी कोरड्या दिवसांसाठी धरायचे, एवढाच त्यातला हिशेब. जमीन अडते खरी, पण गव्हाला पाणी मिळते.

सोयाबीनची घाई मात्र नको. पहिल्या सरीवर पेरले आणि उघडीप पडली, तर बियाणे जाते आणि दुबार पेरणीसाठी सावकाराचे दार गाठावे लागते. सुमारे 4 इंच पाऊस झाल्यावरच पेरा. काळ्या जमिनीत सरी-वरंब्यावर पेरल्यास जादा पाणी निघून जाते आणि ताणाच्या दिवसांत ओल टिकते. घरचे बी असेल तर आधी 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत. 70 उगवले तर ते बी पेरणीस योग्य.