डोळ्यात ठरणारा घड

फेब्रुवारी-मार्चमध्ये सोलापूरच्या नवी पेठेत विकायला येणाऱ्या द्राक्षघडाचं भवितव्य आदल्या वर्षीच्या मे-जूनमध्येच ठरलेलं असतं. काडीवरच्या डोळ्यात घड धरणार की नुसती बाळी, म्हणजे तणावा, निघणार, हे त्या दिवसांत नक्की होतं. ते ठरवतात मुख्यतः दोन गोष्टी: काडीवर पडणारं ऊन आणि वेलीतली संजीवकं. हे उलगडायला शास्त्राला जवळपास शंभर वर्षं लागली.

सुरुवात एका साध्या निरीक्षणापासून झाली. गवताच्या कोवळ्या कोंबाचं टोक झाकलं तर तो उजेडाकडे वळत नाही, असं चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी 1880 मध्ये नोंदवलं. टोकातून खाली काहीतरी उतरतं, एवढंच तेव्हा कळलं. ते ‘काहीतरी’, म्हणजे ऑक्सिन, फ्रिट्स वेंट यांनी 1920च्या दशकात आगरच्या तुकड्यात उतरवून दाखवलं. त्याच सुमारास, 1926 मध्ये, एइची कुरोसावा भाताच्या एका रोगाच्या मागे लागले होते. या रोगात रोपं उंच, लुकडी होऊन कोलमडत. बुरशीच्या स्रावानंच रोपं अशी वाढतात, हे त्यांनी सिद्ध केलं आणि जिबरेलिनची ओळख झाली. पुढं 1952 मध्ये अमेरिकेतल्या बेल्ट्सव्हिल इथं लेट्यूसच्या बियांवर प्रयोग झाले. लाल उजेडात बी उगवतं आणि त्यापलीकडच्या अतिलाल उजेडात थांबतं, असं दिसलं. हा भेद ओळखणारं रंगद्रव्य म्हणजे फायटोक्रोम.

मांडवाखाली हे सगळं एकत्र येतं. वरचं पान लाल आणि निळा उजेड शोषून घेतं, अतिलाल मात्र बराचसा खाली सोडतं. खालच्या काडीला त्यावरून कळतं की आपल्यावर सावली आहे. मग ती उजेड गाठायला धावते: दोन पेरांतलं अंतर वाढतं, काडी लांब आणि बारीक होते. बागायतदार म्हणतात, ‘वेल माजली’. अशा काडीचे डोळे बहुधा रिकामे निघतात. सावलीतल्या वेलीला घड कमी धरतात, हे ऑस्ट्रेलियात मे आणि अँटक्लिफ यांनी 1963 मध्ये सुल्ताना जातीवर दाखवलं. आपल्याकडचं थॉम्सन सीडलेस ते हेच.

थंड देशांत वेल हिवाळ्यात झोपते. सोलापुरात तिला झोपायला पुरेशी थंडीच नाही. म्हणून महाराष्ट्रात दोन छाटण्या आणि एक पीक ही रीत बसली. एप्रिलच्या खरड छाटणीनं नवी काडी येते, ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनं घड बाहेर पडतो. खरड छाटणीनंतरचे साधारण 40 ते 60 दिवस सूक्ष्मघडासाठी कळीचे असतात. तेव्हा सात-आठ पानांवर शेंडा मारून सबकेन, म्हणजे पोटकाडी, करायची, बगलफुटी काढायच्या, काड्यांची विरळणी करायची. या कामांत दोन हेतू साधतात. शेंडा गेला की त्यातून उतरणारं ऑक्सिन तुटतं, आणि फुटवा विरळ झाला की डोळ्यापर्यंत ऊन पोचतं.

संजीवकांचं कोडं 1978 मध्ये सुटू लागलं. सी. श्रीनिवासन आणि मायकेल मलिन्स यांनी वेलीवरून सुटी केलेली बाळी सायटोकायनिन नावाचं संजीवक देऊन वाढवली आणि तिचा फुलोरा झाला. जिबरेलिन त्याच अवयवाला उलट बाळीकडे नेतं. 2002 मध्ये बॉस आणि थॉमस यांना तर अशी बुटकी वेल मिळाली, जिला जिबरेलिनचा हुकूम ऐकूच येत नव्हता. तिच्यावर बाळ्यांच्या जागी घड लागले. मण्यांची फुगवण व्हावी म्हणून ज्या जिबरेलिनची फवारणी ऑक्टोबर छाटणीनंतर हवीहवीशी वाटते, तेच एप्रिल छाटणीनंतर घडाच्या मुळावर येतं. एका संजीवकाच्या या दोन तऱ्हा ओळखूनच बागेचं वेळापत्रक बसवावं लागतं.

म्हणूनच जिबरेलिन रोखणारं सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट, खरड छाटणीनंतर सर्रास फवारलं जाऊ लागलं. पेरं आखूड, काडी जाड, डोळे भरीव. त्याची किंमत 2010 मध्ये कळली. क्लोरमेक्वाटचे अंश सापडल्यानं भारतीय द्राक्षं युरोपात अडकली आणि निर्यातदारांना मोठा फटका बसला. त्यानंतर पाणी आणि नत्र हात राखून देण्याला, आणि काडीवर ऊन खेळतं ठेवण्याला नव्यानं महत्त्व आलं. ते आधीच यायला हवं होतं.

सोलापूरकरांची या इतिहासातली जागा निराळी आहे. बार्शी रस्त्यावरच्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनी आपल्याच बागेत वेगळी दिसणारी फांदी हेरून सोनाका आणि शरद सीडलेस या जाती निवडल्या. लाखो काड्यांतून एक वेगळी काडी दिसायला रोजच्या निरखण्याची सवय लागते. तीच नजर आता सूक्ष्मदर्शकाखाली गेली आहे. गोडी छाटणीआधी बागेतून काड्या आणतात, ब्लेडनं डोळ्याचा पातळ काप घेतात आणि कितव्या डोळ्यात घड आहे ते पाहून छाटणीचा डोळा ठरवतात.

2025 मध्ये मे महिन्यातच पाऊस सुरू झाला आणि आभाळ नेमक्या त्या दिवसांत भरून राहिलं. घडनिर्मिती कमी झाल्याची तक्रार पुढं अनेक भागांतून आली. पावसापासून वाचायला बागेवर प्लॅस्टिकचं आच्छादन घालण्याची मागणी आता जोरात आहे. पण आच्छादन पाण्याबरोबर थोडं ऊनही अडवतं. ते एप्रिल छाटणीनंतर ठेवायचं की ऑक्टोबरनंतरच पसरायचं, हे बागेगणिक डोळे तपासूनच ठरवावं लागेल.