नववीत किती, दहावीत किती?

भालकीच्या स्टँडवरून सुटलेली बिदरची गाडी गच्च भरली आहे. ताई आणि भाची आधार कार्ड दाखवून शून्याचं तिकीट घेतात, दाजी आणि मी पैसे मोजतो. जून २०२३ पासून कर्नाटकातल्या बायकांना साध्या सरकारी गाडीत तिकिटाचे पैसे पडत नाहीत. त्याचं एक फळ मला आज डोळ्यांसमोर दिसतंय. लेकरांच्या शाळेची चौकशी करायला आया स्वतः घराबाहेर पडल्या आहेत. पुढच्या सीटवरच्या बाईच्या मांडीवरही गुणपत्रकांची प्लास्टिकची पिशवी आहे.

"कुठली शाळा बघायलात?" ती वळून ताईला विचारते.

ताई नाव सांगते.

"लई नावाजलेली हाय ती. पण आमच्या दिराच्या पोराला नववी झाल्या झाल्या दाखला दिला बगा हातात. म्हणले, याला दहावी जमायची नाही, दुसरीकडं बसवा."

दाजी खिडकीबाहेर बघत ऐकतायत. ताई मात्र माझ्याकडे बघते. काल रात्री आम्ही तिघांनी बसून विचारायच्या प्रश्नांची यादी केली होती. फी, गाडी, हॉस्टेल, इंग्रजी. हा प्रश्न त्यात नव्हता. ती पर्समधून कागद काढते आणि हलत्या गाडीत सगळ्यात वर लिहिते: नववीत किती, दहावीत किती.

भाचीची पाचवी गावच्या सरकारी मराठी शाळेत संपतेय. सहावीपासून तिला बिदरला इंग्रजी माध्यमात घालायचं घरात ठरलंय. पोरगी हुशार आहे, गणितात तिला गोडी आहे. दाजींनी यंदा तुरीचे पैसे मोडले नाहीत, ते तिच्यासाठी राखून ठेवलेत. एका शेतकरी घराचं वर्षभराचं उत्पन्न एका शाळेच्या नावावर लागणार आहे. ते नाव कशानं झालं, हे विचारायचा या माणसांना पुरेपूर हक्क आहे.

बिदरमध्ये उतरताच चौकाचौकांत फ्लेक्स दिसू लागतात. हसऱ्या मुलामुलींचे चेहरे, खाली ६२५ पैकी मिळालेले गुण, त्याखाली नीटचे ७२० पैकी. भाची थांबून थांबून आकडे वाचते. एका फ्लेक्सवर वीसेक चेहरे असतील. शाळेत दहावीला एकूण किती मुलं बसली, हे मात्र एकाही फ्लेक्सवर नाही. काही फोटो तर जुन्या वर्षांचे आहेत. इथे साल बघणं फार गरजेचं आहे. २०२४ पासून कर्नाटकात दहावीच्या परीक्षा केंद्रांवर कॅमेरे आले, वर्गातलं चित्र थेट वरच्या कार्यालयांत दिसू लागलं, आणि त्यानंतर राज्याचा निकाल घसरला. २०२५ च्या पहिल्या परीक्षेत दक्षिण कन्नड जिल्हा ९१ टक्क्यांवर होता आणि कलबुर्गी ४२ टक्क्यांच्या आसपास, राज्यात शेवटचा. म्हणून कुणी दहा वर्षांच्या उज्ज्वल निकालाची गोष्ट सांगू लागलं की मी कॅमेऱ्यानंतरच्या वर्षांचं तेवढं विचारतो.

पहिल्या शाळेचं ऑफिस थंडगार आहे. गुळगुळीत कागदाची पुस्तिका समोर येते. काउंटरवरचा तरुण अदबीनं बोलतो, दाजींशी कन्नडमध्ये, आमच्याशी हिंदीत. प्रवेशासाठी लेखी परीक्षा होईल, तो सांगतो, त्यात पास झाली तर आई-वडिलांची मुलाखत.

मी शिक्षणहक्क कायद्याचं १३वं कलम काढतो. २००९ च्या त्या कायद्यानं सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना प्रवेश देताना चाळणी लावायला मनाई केली आहे. पहिल्या वेळी पंचवीस हजारांपर्यंत दंड आहे, पुढे दर वेळी पन्नास हजारांपर्यंत. कॅपिटेशन फी घेतली तर तिच्या दसपट. तरुण म्हणतो, ही परीक्षा फक्त पातळी बघायला आहे, सर. दाजी टेबलाखालून माझा हात दाबतात. मला त्यांची भीती कळते. कायदा बोलणाऱ्याच्या लेकराला मागच्या बाकावर बसवतील, असं त्यांना वाटतंय.

मग ताई तिचा प्रश्न विचारते. हळू आवाजात, पण सरळ. मागच्या वर्षी नववीत किती मुलं होती आणि यंदा दहावीला किती बसतायत?

तरुण पुस्तिका उलटतो. शंभर टक्के निकाल, तो म्हणतो.

"ते झालं. बसली किती?"

तो आत जाऊन येतो. प्रिन्सिपल मीटिंगमध्ये आहेत. फॉर्म हवा असेल तर मिळेल, असं सांगून तो पुढच्या पालकांकडे वळतो.

बाहेर गेटसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात जास्त कळतं. दुकानदार रोज या शाळेचे कागद छापतो. "मास्तर टिकत नाहीत इथं," तो दख्खनी वळणाच्या मराठीत सांगतो. "दर जूनला नव्या सरांचे बायोडाटे माझ्याकडेच येत्यात झेरॉक्सला." बाजूला ऑटोवाले मुलांची वाट बघत उभे आहेत. त्यातला एक म्हणतो, पोरांचं सगळं ट्यूशनवर चालतं, शाळा सुटली की मी त्यांना तिकडंच सोडतो. ऐकीव गोष्टींवर सगळा भरवसा टाकू नये, हे मलाही कळतं. पण मास्तरांची माहिती तपासता येते. सीबीएसईच्या शाळांना आपल्या संकेतस्थळावर शिक्षकांची माहिती, फी, निकाल आणि इमारतीच्या सुरक्षेचे दाखले जाहीर करावेच लागतात. राज्य बोर्डाच्या शाळांनाही अकरा आकडी यूडायस क्रमांक असतो. कर्नाटकातल्या शाळेचा हा क्रमांक २९ नं सुरू होतो, आणि तो यूडायसच्या संकेतस्थळावर टाकला की वर्ग, पट, शिक्षक दिसतात. दाजी मोबाइल माझ्या हातात देतात. आम्ही दुकानाच्या पायरीवर बसून शोधतो. सीबीएसईची पाटी लावलेल्या या शाळेच्या संकेतस्थळावर शिक्षकांच्या यादीचं पान उघडतच नाही.

दुसऱ्या शाळेकडे जाताना रिक्षा जुन्या शहरातून जाते. महमूद गवानचा मदरसा समोर येतो आणि भाची उतरायचा हट्ट धरते. पंधराव्या शतकात, १४७२ च्या सुमारास, बहामनी सल्तनतीच्या या वजिरानं तो बांधला. औरंगजेबाच्या काळात बंदुकीच्या दारूच्या स्फोटानं त्याचा मोठा भाग पडला. एक मिनार आणि निळ्या फरशांचे तुकडे अजून भिंतींवर आहेत. गवाननं इराणकडून विद्वान बोलावले, त्यांना राहायला याच इमारतीत खोल्या दिल्या, हजारो ग्रंथ जमवले. दूरदूरचे विद्यार्थी त्या शिक्षकांच्या ओढीनं बिदरला आले. मी भाचीला कोपऱ्यातल्या खोल्या दाखवतो. इथं सर राहायचे? ती विचारते. हो, मी म्हणतो, आणि वर्गही इथंच भरायचे.

याच शहरात १९८९ साली अब्दुल कदीर यांनी शाहीन संस्थेची शाळा मूठभर मुलांना घेऊन सुरू केली. आज नीटच्या निकालासाठी तिचं नाव देशभर घेतलं जातं. मला मात्र तिची दुसरी गोष्ट मोठी वाटते. शाळा मध्येच सुटलेल्या, मदरशातून आलेल्या, गणिताशी कधी गाठ न पडलेल्या मुलांसाठी तिनं वेगळे वर्ग काढले, त्यांना अतिदक्षता विभागाचं नाव दिलं आणि त्यांना मुख्य प्रवाहात आणायचं काम अंगावर घेतलं. आलेल्या हुशार मुलाला हुशार ठेवणं सोपं आहे. शाळेचं खरं मोजमाप, माझ्या मते, चाळीस टक्केवाल्याचं पुढे काय झालं यावर आहे.

दुसरी शाळा लहान आहे. फ्लेक्स नाही, पत्र्याच्या शेडखाली मुलं डबे खातायत. मुख्याध्यापिका दारातच भेटतात. ताईचा प्रश्न ऐकून त्या कपाटातून दोन हजेरीपट काढतात आणि टेबलावर उघडून ठेवतात. मजकूर कन्नड आहे. ताईला ती लिपी येत नाही. भाची पुढे होते, बोट ठेवून वाचू लागते. नववीत चव्वेचाळीस. दहावीत त्रेचाळीस.

"एक कुठं गेला?" ताई विचारते.

"वडिलांची बदली झाली रायचूरला," बाई तोडक्या मराठीत सांगतात. मग स्वतःहून पुढचं सांगतात. मागच्या वर्षी सहा जण पहिल्या परीक्षेत नापास झाले होते. त्यांना मे महिन्यात रोज सकाळी बोलावलं. चार निघाले, दोघं राहिले. त्या दोघांची नावंही त्या सांगायला लागतात, पण लेकरं समोर बसलेली बघून थांबतात.

दाजी पहिल्यांदा बोलतात. त्यांच्याकडे कागदांची स्वतःची पिशवी आहे. राज्यघटनेच्या ३७१ जे कलमाचा स्थानिक दाखला, जो २०१३ पासून या भागातल्या मुलांना कॉलेजच्या जागांसाठी आणि नोकऱ्यांसाठी लागतो. शिवाय आमचं गाव महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या ८६५ गावांत येतं. त्या गावांतल्या मराठी मातृभाषेच्या मुलांना महाराष्ट्रातल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत वेगळ्या राखीव जागा आहेत. मातृभाषेचा उल्लेख शाळेच्या दाखल्यावर नीट यायला हवा, दाजी बजावून सांगतात. बाई रजिस्टरचा रकाना दाखवतात, मराठी लिहीन म्हणतात.

आता भाचीला काही विचारायचंय. ती आधी आईकडे बघते, मग बाईंकडे.

"इथं मराठी शिकवतात का?"

बाई लगेच उत्तर देतात. नाही. इंग्रजी, कन्नड, हिंदी. राज्य बोर्डात दहावीला मराठी घेता येते, पण शिकवायला मास्तर लागतो, आणि तो आमच्याकडे नाही.

खोलीत कुणी काही बोलत नाही. भालकीच्या हिरेमठाचे चन्नबसव पट्टदेवरू यांनी निजामाच्या राज्यात बाहेर उर्दूची पाटी लावून आत कन्नड शिकवलं, ही गोष्ट आमच्याकडे पोरासोरांना पाठ आहे. कलबुर्गीचं नूतन विद्यालय त्याच राज्यात १९०७ साली उभं राहिलं. भाषा जपण्यासाठी या भागात माणसांनी जीव लावून शाळा काढल्या. आज पाचवीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलीनं चांगली शाळा निवडली, तर तिची भाषा वर्गाबाहेरच राहते. बाईंचा त्यात दोष नाही. त्या खरं बोलल्या. पण मला ते लागतं, आणि ताईलाही लागलेलं दिसतंय.

"मी शिकवीन घरी," ती भाचीला म्हणते. "रविवारी. मामा पुस्तकं आणून देईल."

मी मान हलवतो. उदगीरहून आणून देईन, म्हणतो.

दाजी फॉर्मचे पैसे देतात आणि पावती मागतात. बाई पावतीपुस्तक काढतात, फीचा छापील तक्ताही सोबत देतात. वर्षाची फी, पुस्तकं, गाडी, सगळं वेगवेगळं लिहिलेलं. दाजी एकेक ओळ वाचतात आणि विचारतात, हप्ते किती पाडून देता? तीन, बाई सांगतात, पहिला जूनमध्ये. दाजी बोटांवर हिशेब करतात. सोयाबीन ऑक्टोबरात येतं. दुसरा हप्ता दिवाळीनंतर चालेल का, ते विचारतात, आणि बाई वहीत तसं लिहून घेतात.