गाडी घ्या, पण बैल पारखावा तशी पारखून

शेतकरी बंधूंनो, दसरा-दिवाळी किंवा पाडवा जवळ आला की गावात दोन गोष्टी ठरलेल्या. एक, घरातल्या पोरांचा गाडीसाठी हट्ट आणि दुसरी, शोरूमसमोर हार घातलेल्या मोटारसायकलींची रांग. गाडी ही आता चैन राहिलेली नाही. पहाटे डेअरीवर दूध घालायचं, बाजार समितीत लिलावाला जायचं, औषध-खत आणायचं, पोरीला कॉलेजला सोडायचं, रात्री-अपरात्री दवाखाना गाठायचा, सगळं तिच्यावरच. गावोगाव फिरणाऱ्या आम्हा कृषी खात्याच्या माणसांचं, ग्रामपंचायतीच्या नि महसूलच्या भाऊसाहेबांचं, आशाताईंचं पानही तिच्यावाचून हलत नाही.

पण गंमत पाहा. बैल घ्यायचा तर आपण दात पाहतो, खूर पाहतो, खांदा चाचपतो, चालवून पाहतो, दोन जाणती माणसं सोबत नेतो. तीन बाजार फिरल्याशिवाय सौदा होत नाही. आणि लाखाच्या घरातली गाडी मात्र रंग पाहून आणि 'मायलेज किती?' एवढा एकच प्रश्न विचारून घरी आणतो.

दुसऱ्याला कशाला बोलू? मीही तेच केलं. माझी पहिली नेमणूक पेठ तालुक्यात. नाशिकला एका दुकानात गाडी पाहिली, रुंद डांबरी रस्त्यावर एकट्याने चक्कर मारली आणि पसंत केली. पहिल्याच पावसाळ्यात मागे सहकारी, मध्ये भात बियाण्याच्या पिशव्या आणि समोर सावळघाट! दुसऱ्या गिअरमध्ये गाडी धापा टाकू लागली, पहिल्यात घ्यावी तर मागून ट्रक चिकटलेला. गाडी वाईट नव्हती, माझ्या कामाची नव्हती. निफाडच्या सपाटीवर तीच गाडी एखाद्याने दहा वर्षं आनंदाने चालवली असती. त्या चुकीचे पैसे मी तीन वर्षं हप्त्याने भरले. तुम्ही भरू नयेत म्हणून हा लेख.

आधी रस्ता आणि ओझं

एक काळ राजदूत आणि येझदीचा होता. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागे आणि धूर मागे सोडत गाडी जाई. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली, १९९४ मध्ये स्प्लेंडर आली आणि चार स्ट्रोकच्या १०० सीसी गाडीने खेडी काबीज केली. २००६ मध्ये बजाजची प्लॅटिना आली, २०२३ मध्ये होंडाने शाईन १०० आणली. आज १०० ते १२५ सीसीमध्ये भरपूर माल आहे, म्हणूनच गोंधळही आहे.

शोरूममध्ये जाण्याआधी कागदावर चार ओळी लिहा. रोज किती किलोमीटर? घाट किती, कच्चा रस्ता किती? मागे कोण बसणार? ओझं काय असणार?

ओझ्याचा हिशोब आपण करतच नाही. ४० लिटरच्या कॅनमधलं दूधच सुमारे ४१ किलो भरतं. दोन कॅन म्हणजे ८२ किलो, शिवाय कॅनचं वजन आणि वर चालवणारा. गाडीसोबत जे माहितीपुस्तक मिळतं, त्यात गाडीचं रिकामं वजन आणि जास्तीत जास्त भरलेलं वजन दिलेलं असतं. दुसऱ्यातून पहिलं वजा करा. उरलं ती तिची खरी ताकद. माणसाचं वजनही त्यातच आलं.

माहितीपत्रकात शक्ती आणि टॉर्क असे दोन आकडे असतात. शक्तीवर वेग ठरतो, टॉर्क म्हणजे ओढ. ओढीचा आकडा मोठा आहे का आणि तो इंजिनाच्या किती फेऱ्यांना मिळतो, हे दोन्ही पाहा. कमी फेऱ्यांना ओढ मिळणारी गाडी घाटात आणि चिखलात सावकाश पण न रडता चालते. निफाड, येवला, सिन्नरच्या सपाट रस्त्याला, एकट्या माणसाला १०० सीसी पुष्कळ झाली. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरीकडे किंवा नांदुरीहून सप्तशृंगी गडावर दोघांनी नेहमी जायचं असेल तर ११० ते १२५ सीसीची गाडी चालवून पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नका.

गाडीचं पोट जमिनीपासून किती उंच आहे तेही विचारा. कुठे १६५ मिलिमीटर असतं, कुठे २०० मिलिमीटर. हा जवळजवळ दीड इंचाचा फरक बांधावरून गाडी काढताना कळतो. मागच्या चाकात आणि मडगार्डमध्ये बोटं घालून फट पाहा. आपली काळी माती तिथेच दाटते आणि चाक जाम करते. बाभळीच्या काट्यांचा रस्ता असेल तर ट्यूबलेस टायर चांगला, हवा एकदम जात नाही. दगड-खड्ड्यांचा रस्ता असेल तर तारांचं चाक बरं, वाकलं तरी गावातला मिस्त्री सरळ करतो.

चालवून पाहायची रीत

चाचणीला एकटे जाऊ नका. जो माणूस रोज मागे बसणार आहे त्याला घेऊन जा. घरातली बाई बसणार असेल तर तिलाच विचारा, पाय टेकायला जागा आहे का, धरायला दांडी आहे का, साडीसाठी जाळी आहे का. धरायची दांडी, पायटेकू आणि जाळी हे विक्रेत्याचे उपकार नव्हेत. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३ व्या नियमाप्रमाणे ते लागतंच.

इंजिन थंड असताना सुरू करायला सांगा. दोघं बसून चढावर गाडी थांबवा आणि तिथूनच उचला. तिसऱ्या गिअरमध्ये सावकाश चालवा, धक्के देते का पाहा. मोकळ्या जागी दोन्ही ब्रेक लावून थांबवा. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना जोडब्रेक किंवा एबीएस असणं सक्तीचं झालं. जोडब्रेकमध्ये पायाचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. त्याची सवय डांबरावर करा, चिखलात नको. जमलं तर संध्याकाळी अंधार पडल्यावर दिवा पाहा. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात आणि प्रत्येकीला मागे लाल पट्टी असतेच असं नाही.

मायलेजचं गणित

कंपनीचं मायलेज प्रयोगशाळेतलं असतं. खरं मायलेज शेजाऱ्याकडे मिळतं. तीच गाडी दोन वर्षं वापरणारा माणूस गाठा. टाकी काठोकाठ भरा, शंभरेक किलोमीटर नेहमीसारखी चालवा, त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरा. किती लिटर बसलं त्याने किलोमीटरला भागा.

आता हिशोब करू. रोज ४० किलोमीटर, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे १२,००० किलोमीटर. लिटरला ६० देणाऱ्या गाडीला २०० लिटर लागतं, ५० देणाऱ्या गाडीला २४०. पेट्रोल १०५ रुपये धरलं तर फरक वर्षाला ४,२०० रुपये, महिन्याला ३५०. म्हणजे केवळ मायलेजसाठी १५,००० रुपये जास्त मोजले तर ते वसूल व्हायला साडेतीन वर्षं लागतात. आणि गाडी रोज दहाच किलोमीटर चालत असेल तर तो फरक विसरून जा. त्यापेक्षा सुटे भाग तालुक्याला मिळतात का आणि गावातल्या मिस्त्रीचा हात त्या गाडीवर बसलाय का, ते पाहा.

एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस ६ गाड्यांची शिस्तही वेगळी आहे. त्यांत बहुधा कार्बुरेटर नाही, पेट्रोल पंपाने फवारलं जातं. जुन्यासारखी रिझर्व्हची चावी बऱ्याच गाड्यांना नाही, म्हणून टाकी कोरडी होऊ देऊ नका. बॅटरी पूर्ण बसली तर नुसत्या किकने सुरू होईलच असं नाही. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. ते आपल्याच उसाचं आणि मक्याचं आहे, पण त्याने मायलेज थोडं उतरतं आणि ते पाणी ओढून घेतं. त्यामुळे फवारणीच्या पंपाने गाडी धुताना टाकीच्या झाकणावर आणि वायरींच्या जोडांवर जोराची धार मारू नका.

हप्ता कशातून भरणार?

इथेच खरी गोम आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. चांगलं झालं. पण कर कमी झाला म्हणून कर्ज स्वस्त होत नाही.

दुकानात कुणी म्हणालं, 'व्याज फक्त १० टक्के', तर लगेच विचारा, सरळ की घटत्या शिलकीवर? ६०,००० रुपयांचं कर्ज, मुदत तीन वर्षं. सरळ १० टक्क्यांनी व्याज १८,००० आणि हप्ता सुमारे २,१६७ रुपये. घटत्या शिलकीवर १० टक्क्यांनी व्याज सुमारे ९,७०० आणि हप्ता सुमारे १,९३६. सरळ १० टक्के म्हणजे घटत्या शिलकीचे जवळपास १८ टक्के पडतात. बोलण्यात आकडा एकच, खिशात फरक आठ हजारांचा.

दुसरं, हप्ता दर महिन्याला येतो, पीक येत नाही. द्राक्षाचे पैसे उन्हाळ्याच्या तोंडी, कांद्याचे भाव मिळेल तेव्हा. कांदा २५ रुपये किलो असेल तर २,१६७ चा हप्ता एका क्विंटलच्या आत भागतो. १० रुपये झाला तर दोन क्विंटलहून जास्त कांदा जातो. मग हप्ता चुकू नये म्हणून चाळीतला कांदा पडत्या भावात काढावा लागतो. गाडीच्या हप्त्याने कांद्याचा भाव ठरवू नये. दुधाचा पगार किंवा घरातला ठरलेला पगार असेल तर त्याच्या चौथ्या भागाच्या आत हप्ता बसवा. नसेल तर पीक विकल्यावर जास्त रक्कम आधी भरा, कर्ज लहान ठेवा किंवा एक हंगाम थांबा. गाडी पळून जात नाही.

कागद सातबाऱ्यासारखे वाचा

कोटेशन लेखी घ्या. शोरूमची किंमत, रस्ता कर, नोंदणी, विमा, ज्यादा सामान हे वेगवेगळं लिहून घ्या. माझ्या वेळी गाडी ताब्यात घ्यायच्या दिवशी कोटेशनमध्ये नसलेली एक रक्कम पुढे आली. हार घातलेली गाडी, सोबत बायको आणि पेढ्यांचा बॉक्स. गुपचूप दिली. तुम्ही विचारा, 'हे कशाचे?' आणि पावती मागा.

सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे. विमा दुकानातूनच घेतला पाहिजे असं नाही, बाहेरचा दर विचारा. आयएसआय खुणेचं हेल्मेट गाडीसोबत मिळालं पाहिजे. ते मागून घ्या आणि घरी खुंटीला टांगू नका.

आणि परवाना. आमच्या तालुका कृषी कार्यालयात गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेचे प्रस्ताव येतात. अपघाती मृत्यूला २ लाख रुपये मिळतात. शेतकरी स्वतः गाडी चालवत असेल तर प्रस्तावाला त्याचा वैध परवाना जोडावा लागतो. माणूस गेल्यावर परवाना काढता येत नाही. ज्याच्या हातात चावी द्यायची त्याचा परवाना आधी, गाडी नंतर.

जुनी गाडी घेत असाल तर

आरसीवरचा इंजिन आणि चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळवा. सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा असतो, तसा आरसीवर बँकेचा असतो. तो उतरवायला फॉर्म ३५ आणि बँकेचं ना-हरकत पत्र लागतं. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. थकलेले चलान पाहा. मालकाने आधीच इंजिन गरम करून ठेवलं असेल तर गाडी थंड झाल्यावर पुन्हा या. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. मागे उभे राहून दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का पाहा, नसतील तर ती कधीतरी जोरात आपटलेली आहे.

विकणाऱ्यांनीही ऐका. नुसत्या स्टॅम्पपेपरवर गाडी देऊन टाकू नका. नोंदणीवर ज्याचं नाव तोच मालक, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. उद्या त्या गाडीने अपघात झाला तर भरपाईची नोटीस तुमच्या दारात येईल. विक्रीची खबर १४ दिवसांत आरटीओला द्या.

बंधूंनो, गाडी जरूर घ्या. पण येत्या पाडव्याच्या आदल्या दिवशी नको, महिनाभर आधी पाहायला लागा. कागदावर चार ओळी, मागे बसणारा माणूस, एक चढ आणि हप्त्याचा हिशोब, एवढं केलंत की मुहूर्ताला हार घालायला मोकळे. गाडी दहा वर्षं दारात राहणार आहे, तिला दहा दिवस द्यायला हरकत काय?