वाशीम जिल्ह्याची यात्रा : निघण्यापूर्वीं

मुंबई-पुण्याकडील एखादें कुटुंब गुरुदर्शनासाठीं कारंज्यास निघालें, कीं घरांतील वडीलधारें माणूस हटकून सांगतें, "मूर्तिजापुरास उतरा आणि छोट्या गाडींत बसा." सल्ला एके काळीं बिनचूक होता. मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी 'शकुंतला' या नांवानें वऱ्हाडांत घरोघरीं ठाऊक होती. वाफेचें एंजिन तिनें १९९४ पर्यंत सोडलें नव्हतें. आतां मात्र ती धावत नाहीं. तिच्या भरंवशावर वृद्ध आईवडिलांना घेऊन निघालेला गृहस्थ भर दुपारीं मूर्तिजापूरच्या फलाटावर सामानासह अडकून पडावयाचा! तेथून पुढील सुमारें ३० किलोमीटरांसाठीं एस. टी. अथवा भाड्याची मोटार आधींच पाहून ठेवावी.

या जिल्ह्याची मुख्य अडचण हीच कीं, येथील पाहण्याजोगीं ठिकाणें समुद्रांतील बेटांप्रमाणें एकमेकांपासून दूर विखुरलेलीं आहेत आणि मधें पसरलें आहे तें काळ्या जमिनीचें, कापूस-सोयाबीनचें रान. सर्व कांहीं एका दिवसांत उरकूं पाहणाराच्या वांट्यास देवदर्शनापेक्षां धुळीचेंच दर्शन अधिक येतें. तीन दिवस हाताशीं ठेवावे. मुलें बरोबर असल्यास चार. उन्हाळा कडक असतो, म्हणून कार्तिकापासून माघापर्यंतचा काळ उत्तम. स्वतःची मोटार असल्यास नागपूर-मुंबई समृद्धि महामार्ग कारंज्याजवळून व मालेगांवजवळून जातो. तो २०२५ च्या जूनमध्यें संपूर्ण खुला झाला. मात्र दुचाकीला त्यावर मज्जाव आहे.

कारंजें हें नृसिंह सरस्वतींचें जन्मस्थान; पण गुरुमंदिरांतून परस्पर परत फिरणें बरें नव्हे. गांवांतील जैन मंदिरांतलें लाकडी कोरीव काम निवांतपणें पाहावें. तेथील ग्रंथभांडारांनीं जपलेल्या हस्तलिखितांनीं अपभ्रंश भाषेच्या अभ्यासाला मोठाच आधार दिला. पुष्पदंत कवीचें 'जसहरचरिउ' १९३१ सालीं कारंजा जैन ग्रंथमालेंतच छापलें गेलें.

वाशीम शहर अकोला-पूर्णा मार्गावर आहे. २००८ सालीं हा मार्ग रुंद झाल्यापासून नांदेडकडून येणारांची सोय झाली. हेंच प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राजशेखरानें 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष व साहित्यविद्या यांचें लग्न लावलें तें याच नगरांत! मात्र वाकाटकांचें वैभव येथें शोधूं गेल्यास निराशा पदरीं येईल. तें पाहावयास अजिंठ्यासच गेलें पाहिजे. येथें पाहावें तें बालाजीचें मंदिर आणि पद्मतीर्थ. मुक्काम वाशिमांत केल्यास शिरपूर सुमारें २० किलोमीटर पडतें. तेथील अंतरिक्ष पार्श्वनाथाची मूर्ति जमिनीला टेकलेली नाहीं, अशी भाविकांची श्रद्धा. श्वेतांबर व दिगंबर या दोन पंथांच्या वादामुळें मंदिराचें दार चार दशकें बंद होतें. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तें २०२३ च्या मार्चमध्यें उघडलें. दर्शनाच्या वेळेची चौकशी आधींच करावी, आणि वादाच्या गोष्टी देवळाच्या आवारांत तरी काढूं नयेत.

पोहरादेवी मानोरा तालुक्यांत आहे. सेवालाल महाराजांच्या समाधीमुळें ही बंजारा समाजाची काशी मानली जाते. रामनवमीस तेलंगण-कर्नाटकापासून तांडेच्या तांडे येथें लोटतात. ती गर्दी, ते पोशाख, तीं भजनें अनुभवावयाचीं असतील तर त्याच दिवशीं जावें. परंतु वृद्धांना व तान्ह्या मुलांना घेऊन जाणारानें यात्रा उलगडल्यावर चार-आठ दिवसांनीं निघावें. पाणी व शिधा बरोबर घ्यावा, आणि परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ उतरल्याबरोबर तेथल्याच वाहकास विचारून घ्यावी.