एकमताचे सामर्थ्य

बहुमत असले की कायदा होतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खरी असली तरी अपुरी आहे. काही प्रश्नांचा अखेरचा निर्णय राज्याच्या विधानसभेच्या हाती नसतोच. अशा वेळी पक्षाच्या बहुमतापेक्षा सभागृहाचे एकमत अधिक मोलाचे ठरते. मद्रास राज्याचे ‘तमिळनाडू’ हे नामांतर याचे बोलके उदाहरण होय.

ही मागणी जुनी होती. तिच्यासाठी व अन्य काही मागण्यांसाठी शंकरलिंगनार या वृद्ध गांधीवाद्याने 1956 साली उपोषण आरंभिले आणि ऑक्टोबरात त्यातच देह ठेवला. तरीही सत्तारूढ काँग्रेस पक्षाने नामांतर मान्य केले नाही. 1963 मध्ये राज्यसभेत बंगालचे कम्युनिस्ट सदस्य भूपेश गुप्ता यांच्या विधेयकाला अण्णादुराईंनी पाठिंबा दिला; परंतु तेही फेटाळले गेले.

1967 च्या निवडणुकीने चित्र पालटले. द्रविड मुन्नेत्र कळघमला स्पष्ट बहुमत मिळाले व अण्णादुराई मुख्यमंत्री झाले. आता स्वबळावर ठराव संमत करून घेणे त्यांना सहज शक्य होते. परंतु राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदानुसार राज्याचे नाव बदलण्याचा अधिकार संसदेचा आहे. राज्य विधिमंडळाचे केवळ मत विचारले जाते. संसदेत बहुमत होते काँग्रेसचे. एका पक्षाची मागणी आणि साऱ्या राज्याची मागणी यांतील अंतर येथेच निर्णायक ठरणार होते.

18 जुलै 1967 रोजी फोर्ट सेंट जॉर्जमधील सभागृहात अण्णादुराईंनी ठराव मांडला. विरोधी बाकांवर बसलेल्या काँग्रेसनेही त्यास साथ दिली आणि ठराव एकमताने संमत झाला. 1968 साली संसदेने कायदा केला व 14 जानेवारी 1969 रोजी, पोंगलच्या दिवशी, नवे नाव अंमलात आले. त्यानंतर अवघ्या तीन आठवड्यांत अण्णादुराईंचे निधन झाले. राजधानीचे ‘मद्रास’ हे नाव मात्र पुढे 1996 पर्यंत टिकले. त्या वर्षी ते ‘चेन्नई’ झाले.

या सहकार्याने दोन्ही पक्षांतील मतभेद मिटले नाहीत. ते मिटावेत अशी अपेक्षाही नव्हती. विरोध करणे हे विरोधी पक्षाचे कर्तव्यच असते. मात्र कोणता प्रश्न पक्षाचा आणि कोणता राज्याचा, हा विवेक दोन्ही बाकांवर जागा असला, म्हणजे विधानसभेचा शब्द तिच्या भिंतींपलीकडेही वजनदार ठरतो.